मोठ्या तपासनिसांना मिळालेली वाजवी चापट

माणसाने माणसावर हात उगारू नये, हे तत्त्व आता सगळ्या सुधारलेल्या जगाने मान्य केलं आहे. माणूस किती उंचीपासून सुरू होतो, एवढाच किरकोळ मुद्दा शिल्लक होता, आणि तोही आमच्या कायद्याने फार पूर्वी निकालात काढला होता.

आमचा कायदा फार बारकाईने केलेला आहे. शेजाऱ्याच्या थोबाडीत मारली तर कैद. सरकारी नोकराच्या थोबाडीत मारली तर जास्त कैद, कारण तो शेजाऱ्यापेक्षा जास्त माणूस असतो. दुसऱ्याच्या गाढवाला मारलं तर दंड. स्वतःच्या गाढवाला मारलं तरी दंड (गाढवाला आपण कोणाचे हे कळत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला जपावं, असा आमचा उदार दृष्टिकोन आहे). कचेरीतल्या टेबलावर रागाने मूठ आपटली तर टेबलाची भरपाई. या सगळ्यातून सुटलेली, मोकळ्या मनाने मारता येईल अशी एकच गोष्ट कायद्याने नागरिकासाठी राखून ठेवली होती. ती म्हणजे स्वतःचं मूल.

कलम एका वाक्याचं होतं. "आईवडिलांना आपल्या अपत्यास, वळण लावण्याच्या सद्हेतूने, उघड्या हाताने, वाजवी प्रमाणात शारीरिक समज देता येईल." त्यात किती समंजसपणा भरलाय बघा. उघड्या हाताने, म्हणजे मूठ नको, पट्टा नको, लाटणं नको. सद्हेतूने, म्हणजे मारताना मनात चांगला विचार पाहिजे. (तो तपासायला कोणी येत नाही. आपला आपण करायचा.) आणि वाजवी. वाजवी म्हणजे किती, हे कलमात सांगितलेलं नाही, कारण ते मारणाऱ्याला आतून कळतं. मार खाणाऱ्याला विचारून वाजवीपणा ठरवायचा म्हटलं, तर जगात एकही चापट शिल्लक राहणार नाही आणि मुलं नुसती वाढत बसतील.

असं हे निर्दोष कलम एका रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अडचणीत आलं. मी पहिल्या मजल्यावर राहतो, तेव्हा सांगतो त्यात ऐकीव काही नाही.

दुसऱ्या मजल्यावर वजनमापे कार्यालयाचे मोठे तपासनीस राहतात. दुकानदारांचे तराजू खरे की खोटे हे बघायचं आणि वजनांवर सरकारी शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. वय पन्नाशीला टेकलेलं, माणूस सरळ. पारड्याच्या खाली चिकटवलेला वाटाण्याएवढा मेणाचा गोळासुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. घरात बायको आहे, ती रुग्णालयात परिचारिका. सात वर्षांची मुलगी आहे, ती एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. आणि तपासनिसांची आई आहे. या बाईने सारी हयात गाद्या शिवल्या. जाड कापडातून दाभण दाबून दाबून तिच्या तळहाताची फळी झाली आहे. सत्तरी उलटली, तरी तिने प्रेमाने आपला हात हातात घेतला की तो परत मिळेल ना, अशी धास्ती वाटते.

त्या रविवारी तपासनिसांनी कचेरीतली पितळी वजनं घासूनपुसून लख्ख करायला घरी आणली होती. ही साधी वजनं नव्हेत. ती लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचांत राहतात, आणि साऱ्या शहराचा किलो त्या किलोवरून ठरतो. भिंगरीने तो किलो बाहेर काढला. आईच्या नखं रंगवायच्या लाल रंगाने त्याला डोळे काढले, हसरं तोंड काढलं, वर रुमाल पांघरला आणि मांडीवर घेऊन थोपटत बसली. साऱ्या शहराचा किलो डोळे टक्क उघडे ठेवून झोपी जात होता.

तपासनिसांनी तिला चापट मारली.

आवाज जिन्यात आला. मी वर गेलो. "साहेब, राहू द्या," म्हटलं. "लहान आहे."

"लहान आहे म्हणूनच मारली," तपासनीस म्हणाले. "मोठ्यांना मारायला परवानगी नाही."

मी परत जिन्याकडे वळलो. पण सरळ माणसाला नुसतं जिंकून भागत नाही, पुरावाही द्यावा लागतो. ते आत गेले, कायद्याचं जाडजूड पुस्तक घेऊन आले आणि दारात उभं राहून कलम मोठ्याने वाचू लागले. आतल्या खोलीत त्यांची आई गादीला टाके घालत होती. ती दाभण हातात घेऊनच बाहेर आली.

"परत वाच रे."

त्यांनी परत वाचलं.

"आईवडिलांना असं म्हणतंय ना ते?"

"हो. आईवडिलांना. शेजाऱ्यांना नाही." हे माझ्याकडे बघून.

"आणि आपल्या अपत्यास."

"आपल्याच."

"हापिसातली वजनं घरी न्यायची नाहीत असा तुमच्यात नियम आहे ना रे? त्या शिपायाला त्यावरून नोटीस दिलीस म्हणून जेवताना सांगत होतास."

"आई, तो विषय वेगळा..."

विषय वेगळा नव्हता. म्हातारीने दाभण पदराला टोचलं, हात पुसला आणि मुलाला शारीरिक समज दिली. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. तपासनिसांचा चष्मा कसा कोण जाणे माझ्या हातात आला.

"हात उघडा होता," म्हातारी म्हणाली. "वळण लावायलाच दिली. आणि तू पोरीला दिलीस तेवढीच दिली, रतीभर जास्त नाही. माप तुझं, हात फक्त माझा. इथून पुढे असंच. तू तिला एक, की मी तुला एक." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, चहा घेता?"

त्याच वेळी तपासनिसांची बायको कामावरून आली. तिने नवऱ्याचा गाल दोन बोटांनी वर करून पाहिला. "आई, पुढच्या वेळी डाव्या गालावर," ती म्हणाली. "उजव्या बाजूने यांचा फोटो बरा येतो, आणि उद्या कचेरीत फोटो आहे."

तपासनीस कायद्याने चालणारे. ते त्याच पावली पोलीस ठाण्यात गेले. मीही गेलो, कारण चष्मा अजून माझ्याकडेच होता.

"मारणारा इसम कोण?" हवालदाराने विचारलं.

"आई."

"कोणाची?"

"माझी."

"सख्खी?"

"सख्खी."

"हात उघडा होता की मिटलेला?"

"उघडा."

"कारण?"

तपासनिसांनी कारण सांगितलं. खोटं बोलायची सवय नव्हती, ती अशी आयत्या वेळी नडते.

"मग चूक तुमचीच की हो साहेब," हवालदार लेखणी खाली ठेवत म्हणाला. "याची तक्रार होत नाही. याचं फार तर कौतुक होतं. आमच्या आईला आता भाकरीचा तुकडा मोडवत नाही, नाहीतर..." त्याने नोंदवही मिटली आणि स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

प्रकरण न्यायालयात गेलं. न्यायाधीश साठीच्या घरातले, शांत स्वभावाचे. त्यांनी दिलेला निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ करायला लावतात, आणि पाठ झाला नाही तर काय करतात ते त्या त्या घरावर अवलंबून आहे. निकालात म्हटलं होतं की आई हयात आहे. तपासनीस तिचंच अपत्य आहेत हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. कलमात वयाची अट कुठेही घातलेली नाही. माणूस नोकरीतून निवृत्त होतो, अपत्यपणातून निवृत्त झाल्याचं एकही उदाहरण वादीला देता आलं नाही. राहता राहिला वाजवीपणा. तर वादीने स्वतःच्या मुलीला मारलेली चापट वाजवी होती, असं वादीनेच शपथेवर सांगितलं आहे. त्याच वजनाची चापट दुसऱ्या गालावर पडली म्हणून जड कशी होईल? निदान वजनमापांच्या माणसाने तरी असं म्हणू नये.

"पण महाराज," तपासनिसांचे वकील कळवळून म्हणाले, "माझ्या अशिलांना समाजात प्रतिष्ठा आहे!"

"असू द्या," न्यायाधीश म्हणाले. "चापट गालावर मारलेली आहे, प्रतिष्ठेला हात लावल्याची नोंद नाही."

निकाल वर्तमानपत्रात छापून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायाधीशांच्या वडिलांनी (वय शहाऐंशी) तो नाश्त्याच्या टेबलावर मोठ्याने वाचला, लेकाची मान ताठ झाली, मग त्यांनी वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी घातली आणि न्यायाधीशांना खुर्ची जवळ ओढायला सांगितली. तोंडात घास असताना बोलायची न्यायाधीशांना जुनी सवय होती. ती त्या सकाळी सुटली.

इथून पुढे देशात शिस्तीचं जे युग आलं, त्याचं वर्णन करताना माझ्यासारख्याच्या अंगावर अजून मूठभर मांस चढतं. वर्षानुवर्षं बाकावर बसून हवा खाणाऱ्या म्हाताऱ्यांना एकाएकी काम मिळालं. सकाळी कचेऱ्यांच्या दारात आयांची आणि बापांची रांग लागायची. पंख्याखाली बसलेल्या साहेबांची आई आली, की शिपाई अदबीने दार उघडायचा, आणि दार बंद झाल्यावर कान लावायचा. एका पाहणीप्रमाणे शंभरातल्या एकसष्ट अधिकाऱ्यांना "उद्या या" म्हटल्याबद्दल समज मिळाली, बावीस जणांना घरचा फोन न उचलल्याबद्दल, आणि उरलेल्या सतरांना "कशाबद्दल ते त्याला माहीत आहे" या कारणासाठी. (चौकशी केली तेव्हा त्या सतरांनाही ते माहीत होतं.)

फायदे डोळ्यांत भरण्यासारखे होते. नदीवरचा पूल कित्येक वर्षं अर्ध्यातच हात टेकून उभा होता. ठेकेदाराची आई, किरकोळ अंगाची बाई, एक घडीची खुर्ची आणि लोकर घेऊन रोज कामावर येऊन बसू लागली. पूल पुरा झाला, वर तिने त्याला दोन्ही बाजूंनी कठडेही करून घेतले, कारण ते नकाशात होते आणि ठेकेदाराच्या डोक्यात नव्हते. एका मंत्र्याचं सभागृहातलं भाषण सज्जात बसलेल्या वडिलांनी नुसतं खाकरून तीन ठिकाणी दुरुस्त केलं. मंत्र्याने तिन्ही ठिकाणी आकडे मागे घेतले.

अर्थात तोटेही झाले, ते लपवण्यात अर्थ नाही. आईवडील हयात नसलेल्या अधिकाऱ्यांचा भाव भलताच वाढला. बढतीच्या वेळी पोरकेपणा ही पात्रता धरू लागले. एका उपसचिवांनी अर्जाला वडील वारल्याचा दाखला जोडला. तो अपुरा आहे असं कळल्यावर त्यातली त्रुटी भरून द्यायला वडील स्वतः कचेरीत आले. तो सोहळा पाहायला तिन्ही मजल्यांवरचं काम थांबलं होतं. काही मुलांनी आईवडिलांना हवापालटासाठी लांब डोंगरात पाठवून दिलं. तिथली हवा चांगली निघाली. सगळे दंडात ताकद भरून परत आले.

या सगळ्या धामधुमीत दुसऱ्या मजल्यावर काय चाललं होतं, ते सांगायला हवं.

सुरुवातीला तपासनिसांनी भिंगरीला आणखी दोनदा मारलं, आणि दोन्ही वेळा त्यांना तेवढंच आणि डाव्या गालावर परत मिळालं. मग मारायची वेळ येईनाशी झाली. भिंगरीने दूध सांडलं की तपासनिसांचा हात वर जायचा, आतल्या खोलीत दाभण खाली ठेवल्याचा बारीकसा आवाज यायचा, आणि वर गेलेला हात कान खाजवून खाली यायचा. हात असा कान खाजवण्यात अडकल्यामुळे त्यांना तोंडाने बोलण्यावाचून इलाज राहिला नाही.

"हे बघ भिंगरे," ते म्हणायचे. पुढे काय म्हणायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. दुकानदारांशी बोलायची सवय. "सदर दूध तू का सांडलंस?"

"मांजर आहे का बघत होते."

"दुधात?"

"दुधात नाही हो बाबा. पेल्याखाली. पेला उचलल्याशिवाय कसं दिसेल?"

तपासनिसांनी विचार केला आणि त्यांना यात तर्कदोष सापडला नाही. हळूहळू त्यांना कळत गेलं की भिंगरीला स्नानघरातल्या नळाच्या आवाजाची भीती वाटते, तिला शाळेत एक बाई आवडतात आणि एक अजिबात आवडत नाहीत, आणि काचेचा पेला तिने फोडला होता, मोलकरणीने नव्हे. हे शेवटचं तिने आपणहून सांगितलं. सांगून झाल्यावर ती पळाली नाही, तिथेच उभी राहून पुढे काय होतं ते बघत राहिली. पुढे काही झालं नाही. भिंगरी घरात मान वर करून चालायला लागली. म्हातारी टाके घालता घालता एकदा माझ्याजवळ म्हणाली, "भाऊ, माझा हात मरेपर्यंत शाबूत राहायला हवा बघा. तो खाली आला, की त्याचा वर जाईल. पोरगी अजून सातच वर्षांची आहे. मला निदान अकरा वर्षं तरी काढायलाच हवीत."

पण तपासनिसांना दुःख होतं. त्यांनी आपल्यासारख्याच पिडलेल्या अधिकाऱ्यांना जमवून संघटना काढली. तिचं नाव 'प्रौढ अपत्य संरक्षण संघ'. सभा बंद दाराआड व्हायच्या, आणि दारावर कोणी टकटक केली की सगळे आधी टेबलाखाली बघायचे, तिथे जागा आहे ना म्हणून. शेवटी सरकारने कलमाचा फेरविचार करायला समिती नेमली. समितीचे सगळे सदस्य चाळीस ते साठ वयाचे होते आणि सगळ्यांचे आईवडील ठणठणीत होते, त्यामुळे समितीच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका घेता आली नाही.

समितीपुढे पहिली साक्ष तपासनिसांची झाली. मी मागच्या बाकावर बसलो होतो. आजवर मी एवढी चांगली साक्ष ऐकलेली नाही.

"साहेब, दुखतं त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "पण चापट कधी येईल ते कळत नाही. म्हणून सारखं आईच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. आज कशी आहे, काल कशी होती. लोकांसमोर बसली की कुठे तोंड लपवावं कळत नाही, आणि लोक हसतात. रडू आलं तर म्हणतात, रडतोस काय, एवढंसं तर लागलंय." इथे ते पाणी प्यायले. "आणि साहेब, जिने मारलं तिच्याच हातचं परत जेवायचं. जायचं कुठे? घर तर तेच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, थोड्या वेळाने ती डोक्यावरून हात फिरवते, आणि मला बरं वाटतं."

अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. एका सदस्याला बाहेर नेऊन वारा घालावा लागला. मनुष्यप्राण्याचे असे हाल चालू असताना देश इतके महिने स्वस्थ कसा बसला, असं समितीने कळवळून नोंदवून घेतलं.

मग डॉक्टरांची साक्ष झाली. त्यांनी तपासनिसांची झोप, भूक, नाडी, सगळं तपासलं होतं. त्यांचं म्हणणं असं की आपल्या माणसाचा मार खाल्ल्याने माणूस आतून मोडतो, दचकतो, खोटं बोलायला शिकतो. कुणीही हात वर केला की रोग्याची मान आपोआप खांद्यात जाते. हे दाखवायला डॉक्टरांनी घड्याळ बघायला हात उचलला, तर तपासनिसांसकट समितीतल्या सात जणांच्या माना खांद्यात गेल्या.

"मग मुलांचं काय?" मागून कुणीतरी विचारलं. (मीच विचारलं. पण नोंदीत 'कुणीतरी' असं आहे.)

"मुलांना हे लागू नाही," डॉक्टर म्हणाले. "अपमान हा अक्कलदाढेसारखा असतो. अठरा वर्षांनंतर उगवतो. त्याआधी जे दिसतं, त्याला आम्ही हट्ट म्हणतो."

हा खुलासा सर्वांना फार पटला.

शेवटी म्हातारीला उभं केलं. "बाई, तुमच्या मुलाचं म्हणणं तुम्ही ऐकलंत," अध्यक्ष म्हणाले. ते बोलताना जरा मागे सरकून बसले होते. "तुम्हाला यातलं काही खोटं वाटतं का?"

"नाही साहेब. सगळं खरं सांगितलंय त्याने. एवढं बोलतो हेच मला ठाऊक नव्हतं." म्हातारीने पदराने तोंड पुसलं. "पण हेच सगळं माझ्या नातीला विचारा. ती बाहेर जिन्यात बसलीय. त्याच्यापेक्षा कमी शब्दांत सांगेल."

समितीने आपसात कुजबुज केली. अध्यक्षांनी नियम पाहिला आणि खेदाने सांगितलं की साक्षीदार सज्ञान नसल्याने तिची साक्ष घेता येत नाही.

"तिला मारता येतं?"

"ते वेगळ्या कलमाखाली येतं, बाई."

म्हातारी आपला हात उलटासुलटा करून बघत उभी राहिली. मग खाली बसली.

दुरुस्ती एकमताने झाली. नवं कलम जुन्यापेक्षाही सुंदर आहे, आणि तेही एका वाक्याचंच आहे. आईवडिलांना आपल्या अपत्यास वाजवी शारीरिक समज देता येईल, "मात्र सदर अपत्य अठरा वर्षांच्या आतील असावे." म्हणजे ज्याला वकील करता येतो, संघ काढता येतो, समितीपुढे रडता येतं आणि घर सोडून जाता येतं, त्याला यापुढे कोणी हात लावायचा नाही. बाकीच्यांचं पूर्वीसारखं चालू. म्हाताऱ्या मंडळींना बाकांवर परत पाठवण्यात आलं.

त्या संध्याकाळी तपासनीस पेढ्याबिढ्याच्या भानगडीत न पडता सरळ घरी आले. हातात नव्या कायद्याची प्रत होती. ती त्यांनी मला जिन्यातच दाखवली, मग आग्रहाने वर नेलं, कारण पहिल्या वेळी मी होतो, तर आताही असावं. म्हातारी खाटेवर बसली होती, दाभणात दोरा ओवत. तिने मान वर केली नाही.

तपासनिसांनी प्रत टेबलावर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले. तेवढ्या वेळात भिंगरीने त्यांच्या पिशवीतला सरकारी शिक्का काढला आणि नवा कायदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासून प्रमाणित केला. जागा संपल्यावर टेबलक्लॉथ प्रमाणित केला. मग स्वतःचं कपाळ.

तपासनीस बाहेर आले. त्यांनी पाहिलं. महिनोन्महिने साठलेलं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आलं. त्यांनी खाटेकडे बघितलं. म्हातारीने दाभण हातातच धरलं होतं, खाली ठेवलं नव्हतं, कारण आता ठेवून उपयोग नव्हता. भिंगरीचे खांदे कानांशी गेले. तपासनिसांनी हात उगारला, पूर्ण उगारला, उघडा, सद्हेतूने.

आणि हात वर गेलेला दिसताक्षणी तपासनीस स्वतःच मान खांद्यात घालून मटकन खाली बसले.

कुणाला काही कळेना. ते उठले, कपडे झटकले आणि पुन्हा हात उगारला. पुन्हा खाली बसले. तिसऱ्या वेळी त्यांनी हात पाठीमागून वर आणून मानेला चकवायचा प्रयत्न केला, पण मान हुशार झाली होती. आता टेबलाच्या एका बाजूला भिंगरी अंग चोरून बसलेली, दुसऱ्या बाजूला तिचे वडील अगदी तसेच, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर. दोघांनी टेबलाखालून एकमेकांकडे बघितलं.

"बाबा," भिंगरी कुजबुजली, "कोण मारतंय?"

"कोणी नाही," तपासनीस कुजबुजले. "तू?"

"मी नाही."

"मग वर या दोघं," म्हातारी दोरा दातांनी तोडत म्हणाली. "फरशी गार आहे."

डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी बरीच पुस्तकं चाळली. त्यांचं म्हणणं असं, की रोग्याचा हात वडिलांचा आहे आणि मान अपत्याची आहे, त्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात, आणि आताची दुरुस्ती मानेपर्यंत अजून पोचलेली नाही. पोचायला तीसचाळीस वर्षं लागतात. औषध नाही. तपासनीस हल्ली वरच्या फळीवरचं काही लागलं तर बायकोला सांगतात, आणि भिंगरीशी तोंडाने बोलतात. शहरातल्या इतर अधिकाऱ्यांना मात्र वेळीच सुटका मिळाली. त्यांच्या माना ठीक आहेत, हातही ठीक आहेत.

तुमचेही ठीक असतील. हे वाचताय म्हणजे तुम्ही अठराच्या पुढचे, तेव्हा तुम्हाला कोणी मारू शकत नाही याबद्दल अभिनंदन. इतका वेळ पन्नाशीचा माणूस मार खातोय म्हणून तुम्ही हसलात, त्यातही गैर काही नाही. मात्र वाचून संपलं की चष्मा काढायला हात डोक्याकडे न्याल, तो जरा सावकाश न्या. घरात कोणी लहान असेल, तर ते आधी तुमचा हात बघतं, मग तुमच्या तोंडाकडे बघतं. दोन्हींच्या मधल्या त्या क्षणात ते काय करतं, हे तुम्ही पाहिलंच पाहिजे अशी सक्ती कायद्यात कुठेही नाही.